ठकीचं वाक्य

६ फेब्रुवारी

सकाळी छपाईच्या जाळ्या धूत होते. फवाऱ्याखाली जुनी अक्षरं निघून जातात तेव्हा माझं डोकं रिकामं असतं, आणि मला जे काही सुचतं ते तेव्हाच. आज एक वाक्य आलं, अख्खंच्या अख्खं: ‘मी ओरडले नाही. पण हो म्हटलं नव्हतं.’ ओल्या हातांनीच मागच्या खोलीत धावले आणि हाताला लागलेल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

हे टी-शर्टवर छापायचं. इतकी वर्षं आपण छापलं काय? खेळाडूंचे नंबर, वेटरांचे एप्रन, कंपन्यांच्या सहलीच्या टोप्या. एकदा तरी असं काही, की रस्त्यातला माणूस ठेच लागल्यासारखा थांबेल.

खरं कारण लिहून टाकते, इथे कोण वाचतंय! खरं कारण ठकी. ताईची मुलगी. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात आहे. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात ती माझ्याकडे आली होती. तिच्या वरिष्ठाने तिच्यावर जबरदस्ती केली, ते सांगायला. चौदा महिने झाले. मी तेव्हा तिला धीर दिला, जमेल तसा. पण कुठेतरी कमी पडले असं टोचत राहतं. ती समोर बसली की माझी नजर चहाच्या कपात जाते. तिच्यासाठी एकदा काहीतरी करायला हवं, म्हणजे सुटेन.

८ फेब्रुवारी

मास्तरांशी वाद. मास्तर ह्यांच्या वेळेपासून आमच्याकडे छपाई करतात. हे गेले, दुकान माझ्याकडे आलं, मास्तर होते तसेच राहिले, कुरकुरीसकट.

पुठ्ठ्यावरचं वाक्य चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, “छातीवर?”

“मग काय बाहीवर?”

“म्हणजे लोकांनी बाईच्या छातीकडे टक लावून वाचायचं. तेच करू नका म्हणून सांगायला.”

मी जाम चिडले. मग हसू आलं. मग पटलं. पाठीवर छापायचं ठरलं. काळ्यावर पांढरं, जाड अक्षर, उगाच नक्षी नाही. जाळीवर अक्षर उतरवायची फिल्म मास्तरांनीच काढली. पाठमोऱ्या बाईला कोण त्रास देणार, असं ते म्हणाले. चांगला माणूस आहे, फक्त तोंड वाईट.

१५ फेब्रुवारी

पहिला गठ्ठा चार दिवसांत संपला. दुसराही चालला आहे. एका वर्तमानपत्रात फोटो आला, तीन मुली पाठमोऱ्या. खाली माझं नाव, ‘या वाक्यामागची बाई’ असं. फोन थांबेना. मी मिरवले, कबूल करते. सकाळी आरशात बघून केस नीट केले, कुणी मुलाखतीला आलंच तर.

पण आजची ग्राहक त्या सगळ्याहून मोठी. पन्नाशीची, नीटनेटकी बाई. एक मोठ्या मापाचा शर्ट मागितला. मी म्हटलं, तुम्हाला ढगळ होईल. म्हणाली, “मला जॅकेटच्या आत घालायचाय. कुणाला दिसायला नको.”

“मग उपयोग काय?”

“मला माहीत असेल ना.” आणि घडी हातात घेऊन म्हणाली, “सव्वीस वर्षांनी कुणीतरी माझं बोललं.”

ती गेल्यावर मास्तरांनी उगाच स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. मला रडू आलं आणि, खोटं कशाला लिहू, अभिमानही वाटला. ठकीच्या बाबतीतलं ते टोचणं आज जरा बोथट झालं.

१७ फेब्रुवारी

ठकी आली होती! कितीतरी महिन्यांनी दुकानात पाऊल टाकलं. दोरीवर वाळणारे शर्ट बघत दारातच उभी राहिली. पोरगी वाळली आहे. ताई तिला नीट खायला घालते की नाही कोण जाणे.

“हे कुणी लिहिलं?” तिने विचारलं.

“मीच! जाळी धुताना सुचलं.”

“तुला सुचलं.”

“अगं, असंच एकदम.”

“बरं,” म्हणाली. तेवढंच. मला वाटलं होतं गळ्यात पडेल. मी मनात हे तिच्यासाठी केलं होतं ना, पण ते तोंडाने कसं सांगणार? मग एक शर्ट तिच्या मापाचा काढून दिला. तिने तो उलटा केला, अक्षरं आत गेली, आणि लहान लहान घडी घातली. लहानपणापासून टापटिपीची, शाई कुठे लागायला नको. चहा न घेता गेली. काम असेल.

२४ फेब्रुवारी

ताईचा फोन. ठकीने ऑफिसात तक्रार केली. रीतसर, लेखी, त्या माणसाचं नाव घालून. समिती बसणार आहे. ताईला हे काल रात्री कळलं, आणि तेव्हाच तिला कळलं की मला आधीपासून माहीत होतं.

“माझी मुलगी,” ताई म्हणाली, “आणि तू मला सव्वा वर्षं सांगितलं नाहीस?”

मी म्हटलं, तिनेच सांगू नको म्हटलं होतं.

ताई म्हणाली, “ती म्हणते तूच तिला सांगितलंस, आईला सांगू नकोस म्हणून.”

मी असं म्हटलं होतं? म्हटलं असेन. ताईचं ब्लडप्रेशर तेव्हा वर होतं. मी ताईचाच विचार केला असणार. ताईने फोन ठेवला, नेहमीसारखं ‘ये गं घरी’ न म्हणता.

पण एक मनात येतं. ठकीने एवढे महिने गप्प बसून आत्ताच तक्रार का केली? शर्ट बघून बळ आलं असेल. तसं असेल तर देव पावला.

१ मार्च

आज दोन शर्ट परत आले. एकीचं माप चुकलं होतं. दुसरी कॉलेजातली मुलगी, बॅग पोटाशी धरून उभी.

“फाटला का?” मी विचारलं.

“नाही. मी काल बसमध्ये घातला होता. मागे कुणीतरी वाचत होतं. मोठ्याने. मला वळता येईना.” थांबून म्हणाली, “मागे कोण उभं आहे हे मला कळावं लागतं. तुम्हाला नाही कळणार.”

मी बदली शर्ट देऊ केला, साधा. नको म्हणाली. पाठीवर छापायचा एवढा शहाणपणा केला आम्ही दोघांनी, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जिला घालायचाय तिला एकदा तरी विचारावं की नाही?

दुपारी चार टगे शर्ट छापून घ्यायला आले. तेच अक्षर, तीच पाठ, फक्त मजकूर ‘ती ओरडली नाही. म्हणजे हो.’ आमच्या ग्रुपची गंमत आहे, म्हणे. मास्तरांनी त्यांना असल्या शिव्या घातल्या की मला कान झाकावेसे वाटले. संध्याकाळी कळलं, पलीकडच्या रस्त्यावरच्या डिजिटल छपाईवाल्याने ते छापून दिले.

हे माझ्यामुळे झालं का? मी छापलं नसतं तर त्यांना सुचलं असतं का? मास्तर म्हणतात, नासक्या डोक्याला निमित्त लागत नाही. पण निमित्त मीच पुरवलं.

१४ मार्च

उभ्याउभ्याच लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

दुपारी ठकी आली, बरोबर तिची मैत्रीण, कामात तिच्या शेजारी बसणारी. काल समितीची पहिली बैठक झाली. ठकीने सगळं सांगितलं. तेव्हा तुम्ही काय बोललात, समितीने विचारलं. तिने सांगितलं: मी ओरडले नाही, पण हो म्हटलं नव्हतं.

तर तो वरिष्ठ हसला. मोबाइल काढून वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. म्हणाला, हे वाक्य गावभर लोकांच्या पाठीवर आहे, बाई हे टी-शर्टवरून पाठ करून आल्या आहेत. एवढे महिने असलं काही बोलल्या नाहीत, शर्ट निघाला आणि तक्रार आली. एक सदस्य मान डोलावत होते म्हणे.

मी म्हटलं, “अगं पण योगायोग असतो. एकाच वेळी दोघींना—”

“मावशी,” ठकी म्हणाली, “ते मी तुला सांगितलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात. दोनदा.”

आणि ते आठवलं. ती ओट्याला टेकून उभी, माझी तिच्याकडे पाठ, मी भांड्यात पाणी सोडत होते. पाण्याच्या आवाजातच ऐकलं होतं ते. सुचलं कसलं! वाक्य तिचं, आणि वर्तमानपत्रात नाव माझं.

मी रडायला लागले. मैत्रीण मला पाणी द्यायला उठली, ठकी उठली नाही. म्हणाली, “तू मला विचारलं असतंस तर मी कदाचित दिलंही असतं. तू पण विचारलं नाहीस.”

तू पण, म्हणाली.

मी ते शेजारीपाजारी उच्चारायलाही नको होतं, आणि ते मी सगळ्या गावाच्या पाठीवर छापलं. तिच्या तोंडी एकच खरं वाक्य होतं, तेही मी असं केलं की ती बोलली तर चोर ठरावी. शर्ट बघून बळ आलं असेल, असं लिहिलं आहे मी वर. देवा रे!

जाताना तिने विचारलं, “शर्ट निघण्याआधी मी हे तुला सांगितलं होतं, असं तिथे येऊन सांगशील?”

“सांगेन. आणि मी रोज लिहिते ना, दैनंदिनी. त्या दिवशीचंही लिहिलेलं असणार. तारखेसकट.”

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. “काय लिहिलंयस?”

“आठवत नाही,” मी म्हटलं. ते मात्र खरं होतं.

१५ मार्च

छपाई बंद केली. मास्तरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, “ती जॅकेटवाली बाई परत आली तर? तिला काय सांगायचं?”

तिचं भलं झालं ते खोटं नाही. ठकीचं वाटोळं होतंय तेही खोटं नाही. पण त्या बाईचं नाव पुढे करून मला सुटायचं नाही.

१७ मार्च

जुनी वही सापडली. कपाटाच्या वर, हिवाळी कपड्यांच्या खाली. तारीख १२ डिसेंबर. जसंच्या तसं उतरवते, शिक्षा म्हणून:

‘दुपारी ठकी आली. तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठाने तिच्यावर बळजबरी केली असं म्हणते. “मी ओरडले नाही गं मावशी. पण हो म्हटलं नव्हतं,” असं दोनदा म्हणाली. रडली नाही. मला काही पटेना. एवढी धडधाकट पोर, ओरडली का नाही? आधी काहीतरी असेल दोघांत, आता अंगाशी आलं असेल. आईला सांगू नकोस म्हटलं, उगाच बोभाटा. चहा करून पाठवलं. पांढरी शाई संपत आली, उद्या मागवायची.’

झालं. एवढंच.

धीर दिला, असं मी गेल्या महिन्यात याच हाताने लिहिलं. आणि मला ते खरंच तसं वाटत होतं! मी स्वतःलाच इतकं बेमालूम फसवू शकते हे मला माहीत नव्हतं. पानावर तिचं वाक्य आहे, तारीख आहे, समितीला हवं ते सगळं आहे. आणि त्याच्या लगेच खाली तिची सख्खी मावशी म्हणते की पोरगी खोटी आहे. त्या माणसाला आणखी काय हवं?

आणि ठकी ते वाचेल.

१९ मार्च

केलेलं लिहिते. झेरॉक्स काढायच्या आधी पानाच्या खालच्या भागावर पट्टी चिकटवली. आमच्या कामात रोजचं आहे, जाळीवरचा नको तो भाग पट्टी लावून झाकायचा, म्हणजे तिथून शाई उतरत नाही. झेरॉक्स सुरेख आली. वर तारीख, वाक्य, आणि खाली कोरा कागद. कुणाला शंका येणार नाही.

मास्तरांनी बघितली. म्हणाले, “अर्ध्यावर झाकलंय.”

“पुढचं कामाचं नाही.”

“मग वही घेऊन जा की. झेरॉक्स कशाला?”

मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. ते काम करायला गेले. मी झेरॉक्स पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये. आणि दिवसभर पर्स जवळ ठेवली नाही. ती दिसली की कसंतरी होत होतं. ठकीला आधी विचारलं नाही म्हणून एवढं झालं, आणि आता पुन्हा तिच्या मागे तिच्याच गोष्टीची कापाकापी. कसली बाई आहे मी?

२० मार्च

सकाळी ताईकडे गेले. दार ठकीने उघडलं. वही तिच्या हातात दिली, पानात सुतळी घालून. म्हटलं, “आधी तू वाच. मग ठरव न्यायची की नाही. आणि ही झेरॉक्स. मी अर्धं झाकून काढली होती, हेही तुला माहीत असू दे.”

तिने उभ्यानेच वाचलं. ताई आतून विचारत होती कोण आहे, कोण आहे. ठकीने वही मिटली.

“मला माहीत होतं,” म्हणाली. “तू तेव्हा वळली नाहीस. नळ पण बंद केला नाहीस.”

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, फार वाईट मागितली, नाक वाहत होतं. ती ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, “अख्खी वही आण. अर्धवट काही नको. झाकलेलं तो माणूस लगेच ओळखतो.”

“पण ते वाचल्यावर तो म्हणेल, घरच्यांनाच पटलं नव्हतं.”

“म्हणू दे. पटलं नव्हतंच ना.”

ताईने मला आत बोलावलं नाही. बरोबर केलं.

२७ मार्च

समितीची खोली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एसी इतका गार की माझे दात वाजत होते, किंवा भीतीने वाजत असतील. अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांच्या बाई, दोन सदस्य. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सरळ भांग, समोर वही, सुंदर अक्षरात टिपणं घेत होता. मला वाटलं होतं बघताच ओळखू येईल असा काही असेल. आमच्याकडे शाळेच्या स्नेहमेळाव्याचे शर्ट छापायला येतात तसाच कुणीतरी.

अध्यक्षबाई म्हणाल्या, ते वाक्य तेवढं वाचा. मी तारीख वाचली, वाक्य वाचलं. “पुरे,” त्या म्हणाल्या. वही हातातून घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

मी म्हटलं, “पान संपलं नाही.” आणि पुढचं वाचलं. मला काही पटेना. धडधाकट पोर. आधी काहीतरी असेल दोघांत. एकेक शब्द. शाई मागवायची, तेही. माझा आवाज मलाच परका वाटला. त्याने लिहायचं थांबवून वर बघितलं, आणि हसला. ठकी माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“तुम्हाला तेव्हा पटलं नव्हतं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग तेच वाक्य तुम्ही छापलंत का?”

“मला ते माझं वाटलं,” मी म्हटलं. “तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा खोटं वाटलं. चौदा महिन्यांनी स्वतःचं समजून आठवलं, तेव्हा खरं वाटलं.”

मग ते मान डोलावणारे सदस्य म्हणाले, वाक्य टी-शर्टवरून घेतल्याचा मुद्दा आता उरत नाही. अध्यक्षबाईंनी तसं लिहून घ्यायला सांगितलं. त्या माणसाने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. निकाल पुढच्या महिन्यात.

बाहेर जिन्यात मैत्रीण रिक्षा बघायला पुढे गेली. ठकी आणि मी दोघीच. मी तिचा हात धरणार होते, धरला नाही. धरू का, असं विचारलं. ती नको म्हणाली.

थोड्या वेळाने म्हणाली, “आता तुला पटतं?”

“हो.”

“कधीपासून?”

मला पटकन म्हणायचं होतं, शर्ट छापला तेव्हापासून. किंवा मनातून आधीपासूनच होतं गं. तोंडावर आलं होतं. पण शर्ट छापतानाही मी फक्त माझं टोचणं बोथट करत होते. तिच्यावर विश्वास ठेवत नव्हते. तो विश्वास तर तेरा दिवसांपूर्वीचा आहे.

तसंच सांगितलं. चौदा मार्चपासून.

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. “मग तसंच लिही,” म्हणाली. “आधीची तारीख घालू नकोस.” आणि रिक्षात बसली. मैत्रिणीने मला बसायला सरकून जागा केली होती, पण ठकीने रिक्षाच्या दारातली दांडी आडवी धरून ठेवली होती, म्हणून मी चालत आले.

तर लिहिते. १४ मार्चला, दुपारी, ठकी दुकानात माझ्यासमोर बसली असताना मला तिचं पटलं. त्याआधीचे पंधरा महिने ती हे एकटीने सोसत होती, आणि मी तिची मावशी होते.